बंद पडलेल्या एसीसह घर विकताना : प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

घर विक्रीला काढायचं नक्की झालं. दादा लांब असतो, त्यामुळे घरातली कामं माझ्याकडे आणि कागदावर सही दोघांची. आज वही घेऊन घरभर फिरलो आणि यंत्रांची यादी केली. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: हे घराबरोबर जाणार, आपल्याबरोबर येणार की भंगारात?

यादी करताना एक साधा नियम लावला. स्क्रूने भिंतीत बसवलेलं, पाइपला किंवा वायरिंगला कायमचं जोडलेलं जे आहे, ते घराबरोबर जातं असं समोरचा माणूस धरून चालतो. उलट असेल तर ते लिहायला हवं. म्हणून ओव्हन आणि डिशवॉशर घराबरोबर, वॉशिंग मशीन आपलं, जुना फ्रिज भंगारात.

अडकलो ते हॉलच्या छतातल्या डक्टेड एसीपाशी, म्हणजे छतातल्या हवानळ्यांतून थंड हवा पोचवणाऱ्या यंत्रापाशी. तो काढून नेण्यासारखा नाही, नेला तर छत फोडावं लागेल. आणि तो बिघडलेला आहे. हवा येते, पण थंडावा नाही. फिल्टर धुऊन वाळवून परत बसवला, कारण मेकॅनिक आल्यावर सगळ्यात आधी तेच विचारणार. मग अर्धा तास चालवून थर्मामीटर धरला. आत ओढल्या जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत साधारण ८ ते ११ अंशांचा फरक असावा लागतो, इथे जेमतेम ३ अंश मिळाला.

६ फेब्रुवारी

मेकॅनिक आला. पॅनल उघडल्यावर जाड पाइपवर बर्फ दिसला. गेज लावल्यावर सक्शनचा, म्हणजे कंप्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा, दाब ४० पीएसआय (दाबाचं एकक). या यंत्रात आर-२२ गॅस आहे, त्याच्यासाठी हा आकडा ६५-७० च्या आसपास हवा. ४० पीएसआयला आर-२२ उणे ८ अंशांना उकळतो. म्हणजे कॉइल (आतली गार होणारी वळणदार नळी) शून्याच्या खाली जाते, हवेतली वाफ तिच्यावर गोठते, बर्फाने हवेची वाट बंद होते आणि खोली गरमच राहते. यंत्र जास्त थंड होतंय म्हणून खोली थंड होत नाही, हे ऐकायला उलटं वाटतं खरं.

फिल्टर चोंदला असेल किंवा पंखा मंद असेल तरीही बर्फ धरतो. म्हणून मी त्याला सुपरहीट मोजायला लावलं, म्हणजे उकळून वायू झालेला गॅस उकळबिंदूच्या वर किती अंश तापलाय ते. हवा कमी पडत असेल तर सुपरहीट कमी येतं, गॅस कमी असेल तर जास्त. जास्त आलं. गॅसच कमी.

मग तो म्हणाला, "साहेब, गॅस मारून देतो. घर विकलं जाईपर्यंत आरामात चालेल. पुढचं पुढे."

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहून ठेवतो आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. द्रव होतो, वायू होतो, पुन्हा द्रव होतो. यंत्र जुनं झालं म्हणून त्याची 'वर्षाची भर' लागत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि भोक न शोधता भरलेला गॅस त्याच भोकातून जाणार. यंत्र काही आठवडे थंड हवा देईल, घर बघायला येणाऱ्यांना ती सुखद वाटेल, आणि ताबा घेतल्यावर नव्या मालकाच्या डोक्यावर तोच बर्फ. ही दुरुस्ती नव्हे, ग्राहकासाठी केलेला देखावा आहे.

वर आर-२२ हा ओझोनच्या थराला मारक. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार त्याचं उत्पादन विकसित देशांत २०२० मध्ये संपलं, विकसनशील देशांत २०३० ची मुदत आहे. त्यानंतर दुरुस्तीपुरता अगदी थोडा. शिवाय तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट उष्णता अडवतो. गळक्या यंत्रात तो ओतणं म्हणजे जाणूनबुजून हवेत सोडणं.

गॅस भरला नाही. भेटीचे पैसे देऊन त्याला वाटेला लावलं.

७ फेब्रुवारी

रात्री दादाशी फोनवर बोललो.

"अरे, घेणारा आल्या आल्या ते जुनं धूड काढून टाकणार. तू कशाला उगाच विषय काढतोस? त्यांनी विचारलं तर सांग."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर मग त्यांना एसीशी देणंघेणं नाही."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. भिंतीला तडा आहे, दार कुरकुरतं, ही डोळ्यांना दिसणारी खोट. ती बघणं घेणाऱ्याचं काम. पण छतात लपलेल्या कॉइलला भोक आहे हे साध्या नजरेला कळणारं नाही. अशी खोट विकणाऱ्याला ठाऊक असेल आणि तो गप्प बसला, तर बऱ्याच देशांचे कायदे त्याला जबाबदार धरतात. 'आहे त्या स्थितीत विक्री' असं करारात लिहिलं तरी जाणूनबुजून केलेली लपवाछपवी त्या वाक्याखाली सहसा झाकली जात नाही. नेमका नियम जागोजागी वेगळा, तो वकिलाला विचारायचा. पण गेज लावून झालं आहे, आता 'आम्हाला कल्पना नव्हती' असं म्हणायची सोय उरलेली नाही.

दादा म्हणाला, "ठीक आहे, पण मग नीट शोध. अर्धवट माहिती देऊन भाव पाडून घेऊ नकोस." हे मला पटलं. 'एसी बिघडलाय' एवढंच सांगितलं तर ऐकणारा मनात सगळ्यात मोठा आकडा धरतो.

११ फेब्रुवारी

दुसऱ्या टेक्निशियनकडून रीतसर गळती तपासणी. हिच्यावर खर्च केल्याचं समाधान वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्याने गॅस गोळा केला. द्रवाच्या बाजूचा वॉल्व्ह बंद करून कंप्रेसर थोडा वेळ चालवला, उरलेला गॅस आउटडोअर युनिटमध्ये आला, मग दुसराही वॉल्व्ह बंद. आता आतली कॉइल आणि मधली पाइपलाइन रिकामी. त्यात सुका नायट्रोजन १० बारपर्यंत भरला (बार हेही दाबाचंच एकक). नायट्रोजनच का? तो सुका असतो आणि कशाशी रासायनिक क्रिया करत नाही. या कामाला ऑक्सिजन चुकूनही वापरायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि नळीतलं तेल एकत्र आले की स्फोट होतो.

गेज रात्रभर तसंच ठेवलं. दुपारी ३० अंश, पहाटे २० अंश. नुसत्या गारव्यानेही दाब उतरतो, ते धरावं लागतं: १० बारचा गेज एवढ्या फरकाने साधारण ०.३५ बार खाली येतो. सकाळी गेज ७ च्या खाली होता. म्हणजे गळती आहे, आणि बारीकसारीक नाही.

१२ फेब्रुवारी

कॉइल आणि पाइपलाइन वेगळी करून दोन्हीकडे पुन्हा दाब दिला. पाइपलाइन आणि तिचे सांधे ठाकठीक. कॉइलच्या वळणांवर साबणाचं पाणी सोडल्यावर बुडबुडे आले, एकाहून जास्त ठिकाणी. आजूबाजूला तेलाचे काळपट डाग होतेच. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही फिरतं, त्यामुळे तेलकट डाग दिसला की गळती तिथेच कुठेतरी असते.

तांब्याला असं जागोजागी सुईच्या टोकाएवढं भोक पडण्याला फॉर्मिकरी करोजन म्हणतात. ओलावा, हवा, आणि रंग, गोंद, लाकडी पॅनल, सफाईची द्रावणं यांतून सुटणारी सेंद्रिय आम्लं एकत्र आली की तांब्याच्या आत वारुळासारखे बोगदे तयार होतात. वरून नळी चांगली दिसते. एक भोक ब्रेझिंग करून (वितळवलेल्या धातूने सांधून) बुजवलं तर शेजारचं पुढच्या महिन्यात उघडतं. म्हणून त्याने सरळ सांगितलं, "ही कॉइल जोडत बसू नका." अहवालात दाबाचे आकडे, फोटो आणि हेच मत लिहून घेतलं. सही आणि तारीख घेतली.

१३ फेब्रुवारी

पर्याय कागदावर मांडले.

कॉइल बदलणं. आर-२२ ची जुळणारी कॉइल मिळणं आता कठीण, मिळाली तरी जुन्या कंप्रेसरला नवी कॉइल कशाला जोडायची.

जुन्याच यंत्रात वेगळा गॅस. आर-४१०ए या नंतरच्या गॅसचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त, जुनं कंप्रेसर आणि कॉइल त्यासाठी बनलेली नाहीत. तेलही वेगळं लागतं: आर-२२ खनिज तेलावर चालतो, आर-४१०ए ला पीओई हे कृत्रिम तेल. कोणी 'प्रोपेन टाकू या, मस्त चालतं' म्हणालं तर त्याला दार दाखवायचं. प्रोपेन चांगला रेफ्रिजरंट आहे, पण त्याच्यासाठी बनवलेल्या यंत्रात. ठिणगी उडणारे रिले (विजेचे आपोआप चालणारे खटके) असलेल्या जुन्या यंत्रात तो ज्वालाग्राही वायू आहे, बाकी काही नाही.

संपूर्ण नवं यंत्र. तांत्रिकदृष्ट्या हेच बरोबर. नवी यंत्रं बहुधा आर-३२ वर येतात. तो किंचित ज्वलनशील, म्हणून खोलीचं क्षेत्रफळ आणि गॅसचं वजन यांचा मेळ बघावा लागतो, पण तो कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट उष्णता अडवतो, म्हणजे आर-२२ पेक्षा पुष्कळ कमी.

तसंच ठेवून लिहून देणं.

एजंटसाहेबांचं मत तिसऱ्याकडे. "गरम घरात माणूस दहा मिनिटं थांबत नाही. नवीन बसवा, घर पटकन जाईल." त्यांच्या अनुभवाला मान आहे. पण निवड कुणाची? घेणाऱ्याला कदाचित डक्टेड नकोच असेल, खोलीवार स्प्लिट हवे असतील. आम्ही आमच्या पसंतीचं यंत्र बसवणार, घाईत स्वस्तातलं बसवणार (विकणारा माणूस दुसरं काय करतो?), वॉरंटी आमच्या नावावर, आणि ती नव्या मालकाच्या नावावर होते की नाही हे कंपनीवर. मग दोघांचेही पैसे अशा यंत्रात जातील जे कुणीच मनापासून निवडलेलं नाही.

ठरलं: यंत्र तसंच ठेवायचं, पण त्याच्यासोबत अहवाल आणि नवं बसवण्याची दोन लेखी कोटेशनं. गरम घराची एजंटसाहेबांची अडचण खरी आहे, त्यावर उपाय म्हणून घर सकाळच्या वेळी दाखवायचं आणि पंखे चालू ठेवायचे.

१५ फेब्रुवारी

यंत्र निर्धोक करून ठेवलं. आउटडोअर युनिटचे दोन्ही वॉल्व्ह बंद आहेत. या अवस्थेत कुणी उत्सुकतेने रिमोट दाबला तर कंप्रेसर बंद नळ्यांवर चालेल आणि जळेल. म्हणून इलेक्ट्रिशियनकडून ब्रेकर पाडून घेतला, वायर सोडवून घेतली, रिमोटमधले सेल काढले, आणि पॅनलवर चिठ्ठी: 'चालू करू नये. वॉल्व्ह बंद.'

छताला एसीच्या जाळीशेजारी पिवळट डाग आहे. बर्फ वितळून ट्रेबाहेर गेलेलं पाणी. रंगाऱ्याने विचारलं, "मारून टाकू का एक हात?" आधी फोटो काढले, छत पूर्ण सुकू दिलं, ड्रेनचा पाइप साफ करून पाणी ओतून बघितलं, मगच रंग. आणि हा डाग कशाचा होता तेही घेणाऱ्याला द्यायच्या चिठ्ठीत जाणार. रंगवलेल्या डागामागे लोक गळकं छप्पर शोधतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

१८ फेब्रुवारी

घेणाऱ्याला द्यायचा मजकूर तयार. वकिलांना दाखवला, त्यांनी एक शब्द बदलला.

'हॉलच्या छतातील डक्टेड एसी बंद आहे. आतील कॉइलला एकाहून जास्त ठिकाणी गळती असल्याचे १२ फेब्रुवारीच्या तपासणीत आढळले. अहवाल सोबत जोडला आहे. पाइपलाइनमध्ये त्या तपासणीत गळती आढळली नाही. आउटडोअर युनिटमध्ये आर-२२ गॅस बंद करून ठेवला आहे; युनिट काढताना तो हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घ्यावा. वीजजोडणी तोडली आहे. छतावरील जुना डाग याच यंत्राच्या पाण्याचा होता. यंत्र दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विक्रेत्यांनी घेतलेली नाही.'

'किरकोळ बिघाड', 'नुसता गॅस भरावा लागेल', 'बहुधा' हे शब्द मुद्दाम टाळले. पाइपलाइन 'चांगली आहे' असं मी लिहिलं होतं, त्याचं 'तपासणीत गळती आढळली नाही' असं वकिलांनी केलं. आपण जे पाहिलं तेवढंच.

एजंटच्या जाहिरातीत 'सेंट्रल एसीसह' असं होतं. काढायला लावलं. हातात खरी चिठ्ठी आणि जाहिरातीत खोटं वाक्य असेल, तर भांडणात जाहिरातच बाहेर येते.

२२ फेब्रुवारी

बाकीची यंत्रं. ओव्हनचा दिवा गेला होता, उष्णता सोसणारा ओव्हनचाच दिवा आणून बसवला. डिशवॉशर एकदा रिकामा चालवून पाहिला, ठीक.

वॉशिंग मशीन हलवण्यासाठी ट्रान्झिट बोल्ट शोधून ठेवले. ते न लावता फ्रंट लोड मशीन गाडीत टाकलं की ड्रमचं सस्पेन्शन जातं. जुन्या फ्रिजचं दार काढून मगच तो बाहेर ठेवला. जुने कडीचे फ्रिज आतून उघडत नसत आणि लहान मुलं आत अडकून गुदमरल्याच्या घटना घडलेल्या आहेत. दार काढणं हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय. रीसायकलवाला उचलणार आहे, पावती घ्यायची.

२ मार्च

घर दाखवायला सुरुवात. एसीची चिठ्ठी मी येणाऱ्याच्या हातात सुरुवातीलाच देतो, शेवटी नाही. एका जोडप्याने वाचून सरळ विचारलं, "म्हणजे घरात अजून काय काय लपलंय?" ते परत आले नाहीत. एजंटसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाही.

दुसरं कुटुंब उलट निघालं. त्यातल्या काकांनी अहवाल चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि नायट्रोजनच्या आकड्यांवर बोट ठेवून म्हणाले, "तापमान धरलंय, बरं केलंत." ते निवृत्त इंजिनिअर निघाले. आपला माणूस आणून बघू का विचारलं. जरूर, म्हटलं.

९ मार्च

काकांचा टेक्निशियन येऊन गेला, निदान तेच. आता रकमेची गोष्ट.

त्यांच्या सूनबाईंनी मागणी केली की नव्या यंत्राची पूर्ण किंमत घराच्या रकमेतून वजा करावी. मी म्हटलं, "ताई, चालू असता तरी हा एसी म्हातारा होता. तुम्हाला जुन्याऐवजी कोरा मिळतोय, मग पूर्ण किंमत आमच्याकडून कशी?" जुन्या यंत्राचं आयुष्य किती उरलं होतं यावर थोडी रस्सीखेच झाली. दोन्ही कोटेशनं टेबलावर होती, त्यामुळे भांडण आकड्यांच्या बाहेर गेलं नाही. कोटेशनं नसती तर दोन्ही बाजू अंदाजावर भांडल्या असत्या, आणि अंदाजाला तळ नसतो. शेवटी कमी रकमेच्या कोटेशनचा एक हिस्सा द्यायचं ठरलं. दादाने फोनवर एकदाच "बरं" म्हटलं.

त्यांचा दुसरा प्रस्ताव होता: 'ताब्यापूर्वी विक्रेत्यांनी एसी समाधानकारक दुरुस्त करून द्यावा.' याला ठाम नकार दिला. समाधान कुणाचं? किती अंशांना? पुढच्या उन्हाळ्यात बिघडला तर? ठरलेली रक्कम एकदा दिली की विषय मिटतो, दुरुस्तीचं वचन मात्र ताब्यानंतरही मागे लागतं.

रक्कम घराच्या किमतीत गुपचूप मुरवण्याऐवजी करारात वेगळ्या कलमात लिहिली: कशापोटी, किती, आणि त्यानंतर या यंत्राबद्दल मागणी राहणार नाही. अजून एक कलम काकांच्या सांगण्यावरून: बाकीची यंत्रं पाहणीच्या दिवशी ज्या स्थितीत होती, त्याच स्थितीत ताब्याच्या दिवशी मिळावीत. रास्त आहे. करार आणि ताबा यांच्या मधल्या काळात काही मोडलं तर ते कुणाचं, हा प्रश्न लिहून ठेवला नाही तर हमखास भांडण.

१७ मार्च

आणि मोडलंच. डिशवॉशर पाणी बाहेर टाकेना. वीज बंद करून तळाचा फिल्टर काढला, खाली पंपाच्या पंख्यात काचेचा तुकडा. पक्कडीने काढला, चालू केला तर पाणी गेलं, पण पंप घरघरतोय. काकांना त्याच संध्याकाळी कळवलं. पंप बदलून घेतला, पावती फाइलमध्ये. काका म्हणाले, "कळवलं नसतं तरी चाललं असतं." चाललं नसतं, घरघर त्यांना पहिल्याच दिवशी ऐकू आली असती.

२५ मार्च

ताबा. यादी हातात घेऊन काकांबरोबर खोली खोली फिरलो, प्रत्येक यंत्र चालवून दाखवलं, एसी सोडून. यादीवर दोन्हीकडच्या सह्या.

फाइलमध्ये दिलं: सगळ्या यंत्रांच्या नेमप्लेटचे फोटो, माहितीपुस्तिका, गळतीचा अहवाल, डागाचे फोटो, पंपाची पावती, दोन्ही कोटेशनं. ब्रेकरच्या पेटीवर कुठला खटका कशाचा ते लिहून ठेवलं आहे.

त्यांनी डक्टेडच ठेवायचं ठरवलंय. नव्या टेक्निशियनला डक्टची मापं हवी होती, छत बंद करायच्या आधीचं जुनं रेखाचित्र मला बाबांच्या कपाटात मिळालं होतं, ते दिलं. जुनी पाइपलाइन मात्र तो वापरणार नाही म्हणाला. आत खनिज तेल राहिलेलं असतं आणि नव्या यंत्राला लागणारा व्यासही वेगळा असू शकतो. चिठ्ठीत 'पाइपलाइन चांगली आहे' असं गेलं नाही, ते बरं झालं.

बाकी: फ्रिजच्या रीसायकलवाल्याची पावती अजून आलेली नाही, आली की स्कॅन करून दादाला पाठवायची. एजंटसाहेबांचा हिशेब सोमवारी.